अमेरिकी संगीतकार फ्लोरेन्स प्राइस यांच्या रचनांची हस्तलिखितं खरंच पडक्या घरात सापडली का? मग इतकी वर्षं ती कुणाच्या हाती कशी लागली नाहीत? आणि त्यांच्या पत्रांत काय आहे?

सापडली, हे खरं. पण ‘कुणाच्या हाती लागली नाहीत’ हे तितकंसं खरं नाही.

आधी घराचं सांगतो. शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं हे घर म्हणजे प्राइसबाईंचं उन्हाळ्यातलं बिऱ्हाड. २००९ मध्ये एका जोडप्याने ते डागडुजीला काढलं. झाड कोसळून छताला भगदाड पडलेलं, आत नासधूस. एक भाग तेवढा कोरडा राहिला होता, आणि नेमके तिथेच कागदांचे ढीग. त्यांत व्हायोलिनचे दोन कॉन्चेर्टो (एका वाद्याला पुढे ठेवून ऑर्केस्ट्रासाठी केलेल्या रचना) आणि चौथी सिम्फनीही (अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) होती.

आता दुसरी बाजू. बाई १९५३ साली गेल्या. त्यांच्या मुलीकडचे बरेच कागद १९७० च्या दशकातच आर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले होते. (बाई मूळच्या आर्कान्सातल्याच, लिटल रॉकच्या.) सेंट ॲनचा गठ्ठाही पुढे तिथेच गेला. म्हणजे कागद होते, नीट सांभाळलेले होते. वाजवणारं फारसं कुणी नव्हतं.

आपल्याकडे बंदिश गळ्यातून गळ्यात जाते, त्यामुळे ही अडचण चटकन लक्षात येत नाही. सिम्फनीचं हस्तलिखित कपाटात असणं म्हणजे जवळजवळ काहीच नसणं. त्यातून प्रत्येक वाद्याचं नोटेशन वेगळं उतरवावं लागतं, चुका काढाव्या लागतात, आणि सत्तर-ऐंशी वादकांच्या तालमीचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. यातली पहिली दोन कामं सहसा प्रकाशक करतो. बाईंच्या मोठ्या रचनांना हयातीत असा प्रकाशक मिळालाच नाही. शर्मर या बड्या प्रकाशनाने १९२८ मध्ये त्यांची पियानोची एक छोटी रचना छापली होती. त्याच शर्मरने सगळ्या रचनांचे जागतिक हक्क घेतले २०१८ मध्ये. मध्ये नव्वद वर्षं!

आणि त्या काही अज्ञात नव्हत्या. १९३३ मध्ये शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली त्यांची पहिली सिम्फनी वाजवली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी मोठ्या अमेरिकी ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिलीच वेळ. १९३९ मध्ये लिंकन स्मारकापुढच्या गाजलेल्या मैफलीत गायिका मॅरियन अँडरसन यांनी प्राइसबाईंनी बांधलेलं एक स्पिरिच्युअल (कृष्णवर्णीयांचं पारंपरिक भक्तिगीत) गायलं.

पत्रांविषयीही विचारलंय. सगळ्यांत जास्त उद्धृत होतं ते जुलै १९४३ चं, बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे तेव्हाचे संचालक सर्ज कुसेविट्स्की यांना लिहिलेलं. सुरुवातच अशी, की माझ्या वाटेत दोन अडथळे आहेत: मी बाई आहे आणि माझ्या अंगात थोडं निग्रो रक्त आहे. पुढे म्हणतात, बाईची रचना म्हणजे भावनाच जास्त नि विचार कमी, असं आधीच ठरवू नका. माझं काम पाहा, गुणांवर तोला. कुसेविट्स्कींनी त्यांची एकही रचना वाजवली नाही. मला त्या पत्रात गयावया कुठे दिसत नाही. समोरचा मनात काय म्हणेल ते बाईंनीच आधी बोलून टाकलंय.

मला स्वतःला जास्त आवडतं ते मात्र एका मैत्रिणीला लिहिलेलं. शिकवण्या, मूकपटांना ऑर्गनची साथ, पदरात दोन मुली. लिहायला सवड कुठली? १९३१ च्या जानेवारीत पाय मोडला, घरी बसावं लागलं, आणि पहिली सिम्फनी सुरू झाली. ऐकायला सुरुवात करणार असाल तर तिचीच करा. तिसऱ्या भागात जुबा आहे. ढोल नाही म्हणून गुलाम स्वतःच्या अंगावर थापा मारत ताल धरायचे, तो नाच. तर त्या मैत्रिणीला बाई लिहितात: बाई गं, पुन्हा पाय मोडण्याचं भाग्य कधी लाभणार!