एका घरात रोज तीन स्वयंपाक कशाला?

ह्यूस्टनहून एका मैत्रिणीने लिहिलंय. घरी पोचायला साडेसहा वाजतात. मुलांना टॅको नाहीतर मॅक अँड चीज हवं असतं. नवऱ्याला चिकन लागतं. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई शुद्ध शाकाहारी, त्यांना रात्री भाकरी आणि आमटी हवी. “तिघांचं तीन तऱ्हेचं करून मी दमून जाते, काय करू?”

तीन स्वयंपाक बंद करा, आणि उद्यापासूनच करा. तुम्ही टेक्सासमध्ये राहता, त्यामुळे हे सोपं आहे. टेक्स-मेक्स जेवण मुळातच सरमिसळीतून झालेलं आहे. मेक्सिकन घरातले घेवडे, मक्याच्या पोळ्या आणि मिरच्या, त्यांवर अमेरिकेतलं पिवळं चीज आणि गोमांस. 1977 साली टेक्सासने चिली कॉन कार्नेला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं, तो गोमांसाचाच. तो तुमच्या घरात यायची गरज नाही, पण टॅकोच्या जेवणाची वाढायची पद्धत जरूर घ्या. मधोमध एक मोठं पातेलं, भोवती वाट्या, आणि ज्याचं त्याने आपल्या ताटात जुळवायचं.

पातेल्यात पिंटो बीन्स, म्हणजे ठिपक्यांचे घेवडे, शिजवा. रविवारी रात्री एक पौंडाची पिशवी भिजत घाला. दुसऱ्या दिवशी कांदा, ठेचलेला लसूण, हिंग आणि मीठ घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या द्या. मग त्याचे दोन वाटे करा. एक वाटा तेलात जिरे-लसणाच्या फोडणीवर टाकून डावाने घोटा, म्हणजे मुलांच्या टॅकोत भरायला रिफ्राइड बीन्स तयार. दुसऱ्या वाट्याला गोडा मसाला, दोन आमसुलं आणि गुळाचा खडा, की सासूबाईंची आमटी झाली. चिकनच्या तुकड्यांना तिखट, जिरेपूड आणि लिंबू चोळून वेगळ्या तव्यावर भाजून घ्या. तवा आणि उलथनं वेगळं ठेवा, हे सासूबाईंना सांगायची वेळ येण्याआधीच ठेवा.

पिंटोऐवजी राजमा घेतलात तर तो कच्चा स्लो कुकरमध्ये टाकू नका. राजम्यातला विषारी घटक मंद आचेवर नष्ट होत नाही, त्याला खळखळून उकळी लागते. आपला शिट्टीचा कुकर इथे बरा.

आता तिखटाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. अमेरिकन दुकानात मिळणारी चिली पावडर म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. 1890च्या दशकात टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने वाळक्या मिरच्यांची पूड विकायला सुरुवात केली, आणि पुढे अशा पुडीत जिरे, ओरेगानो, लसूण घालायची पद्धत पडली. ती दोन मोठे चमचे घातली तरी मुलं खातात. तेवढंच घरचं तिखट घातलंत तर सगळे पाण्याचा जग शोधतील. घरी करायची तर दोन चमचे काश्मिरी तिखट, एक चमचा जिरेपूड, अर्धा चमचा लसूण पूड आणि हाताने चुरडलेला थोडा ओरेगानो एकत्र करा. ओरेगानो मेक्सिकन मिळाला तर उत्तम. पिझ्झ्यावरचाही चालतो, पण वास वेगळा येतो.

बाजारासाठी दर वेळी लांबच्या भारतीय दुकानात जाऊ नका. कोपऱ्यावरच्या लॅटिनो दुकानात गोठवलेली केळीची पानं मिळतात. ती टमालेसाठी, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थासाठी असतात, पण पानगी त्यांवर सुरेख होते. पिलोनसियो नावाची उसाच्या रसाची घट्ट ढेप मिळते, ती किसून गुळासारखी वापरा. आणि फ्रीजरमध्ये गांदुलेस शोधा. त्या हिरव्या तुरीच्या दाण्यांची पिशवी पाहून विदर्भातल्या कुणाचाही पाय तिथेच अडेल, कारण हे आपले सोलेच. पोर्तो रिकोत ख्रिसमसला याच दाण्यांचा भात होतो, त्यात डुकराचं मांस आणि सोफ्रितो, म्हणजे कांदा, लसूण, मिरच्या आणि कोथिंबिरीच्या वासाची पानं वाटून केलेलं वाटण. मांस वगळा, वाटण ठेवा. तेलात ते परता, दाणे आणि तांदूळ घाला, एक चमचा लाल तिखट घाला आणि झाकण ठेवून शिजवा. सोलेभात हवा असेल तर त्यातच गोडा मसाला आणि वरून खोबरं घाला. पाहुणे असतील तेव्हा दोन्ही भात करून पाहा. माझं मत पहिल्याला जातं, सासूबाईंचं बहुधा दुसऱ्याला जाईल.

भाकरीचा प्रश्न ‘मासा हरीना’ नावाच्या मक्याच्या पिठाने सुटेल. मक्याचा दाणा चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाळवून ते दळलेलं असतं, त्यामुळे पीठ चिकटतं आणि पोळी थापता येते. भारतीय दुकानातलं मक्याचं साधं पीठ त्याच्या जागी घेतलं तर टॉर्टिया तव्यावर चढेपर्यंतच फाटते. दोन वाट्या मासा हरीनाला साधारण दीड वाटी कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, मळून थोडा वेळ झाकून ठेवा. मग सासूबाईंच्या हाती द्या. ज्वारीची भाकरी थापलेल्या हाताला हे पीठ परकं वाटत नाही, आणि सहा महिने पाहुणीसारखं बसून राहण्यापेक्षा त्यांनाही ते बरं वाटेल. बिडाचा तवा कडकडीत तापलेला हवा. नातवाला प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळा दाबायला बसवा, त्याची टॉर्टिया वाकडी झाली तर तीच त्याच्या ताटात.

बाहेरून आणताना मात्र डबे वाचा. डब्यातल्या रिफ्राइड बीन्समध्ये बरेचदा डुकराची चरबी असते, लेबलवर लार्ड किंवा मांतेका लिहिलेलं असतं. मेक्सिकन हॉटेलातला लाल भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. वेटरला स्पष्ट विचारा, “शाकाहारी आहे का” एवढं पुरत नाही, भात कशात शिजवला ते विचारा. कडक शाकाहारी असाल तर चीजमधलं रेनेटही बघा, दूध गोठवणारा हा घटक बरेचदा वासराच्या पोटातून काढलेला असतो.

शेवटी एक चटणी. मेक्सिकोतल्या वेराक्रूझकडे साल्सा माचा करतात. वाळलेल्या मिरच्या, शेंगदाणे, तीळ आणि लसूण तेलात परतून भरड वाटायचं. आपल्या शेंगदाण्याच्या चटणीत तेल सढळ हाताने घातलं की इथवर पोचता येतं. मुलं ती अंड्यावर घेतात, सासूबाई भाकरीवर. एक इशारा: तेलात लसूण आहे, म्हणून बरणी ओट्यावर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.