'काळी 4' म्हणजे जी शार्प की ए फ्लॅट?

अमळनेरच्या एका महिला भजनी मंडळाचा प्रश्न आहे. पेटीवाले 'काळी 4' म्हणतात, कीबोर्डवाला मुलगा 'जी शार्प', आणि मोबाइलवरचा तंबोरा 'ए फ्लॅट' दाखवतो. खरं कोणाचं? शिवाय 'पट्टी' म्हणजेच 'स्केल' का?

आवाज तिन्हींचा एकच. (शार्प म्हणजे अर्धा स्वर वर, फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली.) नावं मात्र वेगवेगळ्या गोष्टींची आहेत.

'पट्टी' हा जागेचा शब्द. बोटाखालचं लाकूड ते पट्टी, आणि ज्या पट्टीवर सा धरला तिचंच नाव सगळ्या गाण्याला. पाणीपट्टी, घरपट्टी आणि केळीच्या हिशोबाची पट्टी यांचा इथे संबंध नाही. 'चढ्या पट्टीत बोलणं' मात्र थेट पेटीवरून आलेलं दिसतं. अहिराणीत 'सा कोठे शे?' विचारलं की उत्तर 'काळी 4' एवढंच, आणि ते पुरतं. काळी 1 म्हणजे सी शार्प, काळी 2 डी शार्प, काळी 3 एफ शार्प, काळी 4 जी शार्प, काळी 5 ए शार्प असं कोष्टक सर्रास छापतात. ते जागा दाखवायला ठीक, पण लिहायला बसलं की अडतं.

पाश्चात्त्य लेखनाचा नियम असा की सात स्वरांना सात अक्षरं, प्रत्येक एकदाच. काळी 4 वरून बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, लिहून बघा. सा ए फ्लॅट धरला तर ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी, डी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, जी; चार फ्लॅटमध्ये काम झालं. तेच जी शार्पवरून लिहिलं तर शुद्ध ग, जो पेटीवर सरळ पांढरी 1 आहे, त्याला 'बी शार्प' म्हणावं लागतं आणि नी होतो 'एफ डबल शार्प'. म्हणून बिलावलला ए फ्लॅट.

आता भजनाच्या शेवटी भैरवी घ्या, म्हणजे रे, ग, ध, नी कोमल. सा जागचा हलत नाही, पण ए फ्लॅट धरला तर कोमल रे 'बी डबल फ्लॅट' होतो. जी शार्प धरला तर जी शार्प, ए, बी, सी शार्प, डी शार्प, ई, एफ शार्प, चारच शार्प. म्हणजे एकाच बैठकीत मोबाइलही बरोबर, मुलगाही बरोबर. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच, वेलांटीवरून अर्थ कळतो, तसंच हे. एकाच आवाजाच्या अशा दोन नावांना इंग्रजीत 'एन्हार्मोनिक' म्हणतात; त्याला 'समध्वनी' म्हणायला हरकत नसावी.

आपल्याकडे हा घोळ नाही, कारण कोमल-तीव्र सा वरून ठरतं आणि सा-प अचल. कोमल रे ला कोणी 'तीव्र सा' म्हणत नाही. कर्नाटक पद्धतीत मात्र बारा जागांना सोळा नावं आहेत. तिथला शुद्ध गांधार आणि चतुःश्रुती ऋषभ एकाच जागी बसतात.

आणखी एक बारकावा. आवाज एकच, तो पेटीपुरता, कारण तिच्या बारा जागा सारख्या अंतरावर, 100-100 सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200 वा भाग) बांधलेल्या असतात. कानाने शुद्ध गांधार लावत सी वरून ई आणि ई वरून जी शार्प गाठला आणि वरच्या सी वरून तसाच खाली ए फ्लॅट गाठला, तर दोहोंत सुमारे 41 सेंटचा फरक पडतो.

'स्केल' म्हणाल तर तो शब्द आपण वाकवला आहे. 'तुमचं स्केल काय?' याचा अर्थ सा कुठे. इंग्रजीतला स्केल आपल्या थाटाजवळचा, म्हणजे सात स्वरांच्या संचाजवळचा. स्केल चेंजर पेटी थाट बदलत नाही, फक्त सा सरकवते.

बिघडतं ते बहुधा कीबोर्डच्या ट्रान्सपोजमध्ये, म्हणजे सगळ्या पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली सरकवणाऱ्या बटणात. मुलाने -4 लावून पांढरी 1 वरून वाजवलं तर काळी 4 मिळते. +8 लावलं तर तीच, पण एक सप्तक वर. आणि -4 लावलेलं विसरून काळी 4 च दाबली तर वाजते पांढरी 3, आणि मंडळाला वाटतं पेटीच उतरली.