वाचकांचे प्रश्न : वाडा नक्की किती जुना?

प्रश्न : पुण्यात बुधवार पेठेत आमचा दुमजली वाडा आहे. पणजोबांनी विकत घेतला, एवढंच ठाऊक. घरात सगळे ‘पेशवेकाळातला’ म्हणतात. खरं-खोटं कसं पाहायचं?

उत्तर : जागेचं वय आणि इमारतीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद बहुतेक वेळा जागेविषयी बोलतात.

सुरुवात सिटी सर्व्हे नंबरापासून, म्हणजे नगर भूमापनात जागेला दिलेल्या क्रमांकापासून करा. मिळकतकराच्या बिलावरचा घर नंबर वेगळा असतो. तो घेऊन नगर भूमापन कार्यालयात गेलात तर शेजारच्याचा उतारा हाती पडायचा. चालू मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) ऑनलाइन मिळतं, पण आपल्याला हवं ते जुनं, हस्तलिखित. त्याची आणि चौकशी नोंदवहीची नक्कल मागा. भूमापनाच्या वेळी धारक कोण होता आणि त्याने हक्क कशावरून सांगितला, हे नोंदवहीत सापडतं. नंबराची पुढे फाळणी किंवा एकत्रीकरण झालं असेल तर मूळ नंबरही शोधावा लागतो. इथेच बहुतेकांचा धागा तुटतो.

मग खरेदीखत. दुय्यम निबंधकांकडच्या (सब-रजिस्ट्रार) सूची १ मध्ये माणसांची नावं असतात, सूची २ मध्ये मिळकती. मुंबईबाहेरचा ऑनलाइन शोध साधारण २००२ पासूनचाच. त्याआधीची पुस्तकं वर्षवार चाळावी लागतात. म्हणून पणजोबांच्या व्यवहाराचा काळ आधी पाच-दहा वर्षांच्या टप्प्यात आणा. खत मिळालं की चतुःसीमा नीट वाचा. ‘पूर्वेस अमुक यांचा वाडा’ या ओळीतून शेजारच्या मिळकतीचे कागदही उघडतात.

त्यामागे जायचं तर पुणे पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ. जुन्या कागदांत बुधवार पेठ ‘मुहियाबाद’ असते, शुक्रवार ‘विसापूर’, रविवार ‘मलकापूर’. आजच्या नावाने शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही.

आता इमारत. छपरावर मंगळुरी कौलं असतील तर ते छप्पर १८६५ नंतरचं, कारण मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना त्या वर्षी निघाला. कौल उलटून छाप पाहा. लोखंडी तुळईवर ‘टाटा’ असेल तर ती १९१२च्या आधीची नाही. पण छप्पर सगळ्यात आधी बदलतं, तेव्हा त्यावरून अख्ख्या वाड्याचं वय ठरवू नका. जोतं, सागवानी खांब, कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत), गिलाव्याआडच्या पातळ विटा आणि चौकोनी घडीव खिळे जास्त भरवशाचे. नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१च्या पानशेत पुरानंतर बरंच नव्याने बांधलं गेलं, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : एका मोडी कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं वर्ष आहे. म्हणजे कोणतं?

उत्तर : हा शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत वापरलेली अरबी आकड्यांच्या शब्दांची कालगणना. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६०-६१, पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) याच सनातली. शके असेल तर ७८ मिळवायचे, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेर ७९. शक आणि शुहूर यांची गल्लत केली तर पाचशेहून अधिक वर्षांचा फरक पडतो, त्यामुळे चूक लगेच कळते. शुहूरमधली एका वर्षाची चूक मात्र कळतही नाही, म्हणून महिना आणि तिथी वाचल्याशिवाय इसवी सन लिहू नका.