जनुकशास्त्र शिकायचं आहे, पण उत्पत्तीच्या पुस्तकाचं काय?

प्रश्न : मी बारावीला विज्ञान शाखेत आहे. मला जनुकशास्त्रात पुढे जायचं आहे. आमचं कुटुंब ख्रिस्ती आहे. घरी रोज बायबलवाचन आणि प्रार्थना होते. रविवारी मी संडे स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते. तिथे मी बायबलच्या पहिल्या, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातून सांगते की देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, आणि सोमवारी कॉलेजात उत्क्रांतीचा धडा शिकते. परीक्षेत उत्क्रांतीचे पुरावे लिहिताना खोटं बोलल्यासारखं वाटतं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी बाबांना सांगितलं की या विषयात गेलेली मुलं विश्वास सोडतात. बाबा म्हणतात, इंजिनिअरिंगला जा, तिथे असले प्रश्नच येत नाहीत. माझी आवड खरी आहे आणि माझा विश्वासही खरा आहे. दोन्हींतलं एक सोडावंच लागेल का?

उत्तर : नाही, सोडावं लागणार नाही. पण ‘काही अडचण येत नाही, खुशाल जा’ एवढं सांगून मी तुझी बोळवणही करणार नाही. मी करिअर समुपदेशक आहे, चर्चचा पाळक नाही, त्यामुळे पवित्र शास्त्राचा अर्थ लावून देणं माझ्या अधिकारात बसत नाही. मात्र या क्षेत्रात गेल्यावर काय शिकावं लागतं आणि तिथे कशी माणसं काम करतात हे मी सांगू शकतो, आणि तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

आधी अवघड गोष्ट सांगतो. ‘जनुकशास्त्र शीक, पण उत्क्रांतीकडे लक्ष देऊ नकोस’ असा सल्ला तुला कोणी ना कोणी देईल. तो ऐकू नकोस. उत्क्रांती बाजूला ठेवून हा विषय शिकताच येत नाही. एकच उदाहरण घे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६ आणि चिंपांझीच्या पेशीत ४८. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएची टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं पुन्हापुन्हा येतात, टोक झिजण्यापासून जपण्यासाठी. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ही अक्षरं टोकांना तर आहेतच, पण आतल्या भागातही एका जागी सापडतात, आणि तिथे दोन रांगा उलट दिशांनी येऊन एकमेकींना भिडल्या आहेत. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्र जिथे पकडलं जातं तो सेंट्रोमिअर एकच काम करतो, पण दुसऱ्या एकाचे अवशेष त्याच गुणसूत्रात शिल्लक आहेत. चिंपांझीची दोन लहान गुणसूत्रं टोकाला टोक लावून ठेवली की त्यांच्यावरचे पट्टे आपल्या या एका गुणसूत्राशी जुळतात. कधीकाळी दोन गुणसूत्रं जोडली गेली, त्याची ही खूण. असे पुरावे तुझ्यासमोर रोज येतील. माणूस आणि इतर प्राणी यांचे पूर्वज एक असणं म्हणजे देव नसणं, असं समीकरण मनात धरून तू प्रयोगशाळेत गेलीस तर रोजचा दिवस जड जाईल. म्हणून हे समीकरण बरोबर आहे का, ते आत्ताच तपासायला हवं.

ते बरोबर नाही, असं म्हणणारे लोक याच विषयाच्या पायाशी उभे आहेत. ग्रेगर मेंडेल हे ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठातले धर्मगुरू. १८५६ पासून १८६३ पर्यंत त्यांनी मठाच्या बागेत सुमारे २८ हजार वाटाण्याची रोपं वाढवली, तपासली, मोजली. १८६६ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधाकडे १९०० पर्यंत जवळजवळ कोणी पाहिलं नाही. थिओडोसियस डोबझान्स्की हे विसाव्या शतकातले उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक. उत्क्रांतीचा प्रकाश नसेल तर जीवशास्त्रातल्या कशाचाच अर्थ लागत नाही, असं त्यांनी १९७३ मध्ये लिहिलं. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते, आणि उत्क्रांती ही देवाची निर्माण करण्याची रीत आहे असं त्याच लेखात त्यांनी मांडलं. फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प पूर्ण झाला. तरुणपणी ते नास्तिक होते आणि डॉक्टर होण्याच्या काळात, रुग्णांच्या सहवासात, ख्रिस्ताकडे वळले. तुमच्या मंडळीतल्या त्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, काहींचा विश्वास सुटतो. पण वाट उलट दिशेनेही जाते, हे बाबांना जरूर सांग.

या सगळ्यांपेक्षा मला तुला जॉर्ज लमेत्र यांच्याविषयी सांगावंसं वाटतं. ते बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून मांडलं, आणि १९३१ मध्ये त्याही पुढे जाऊन म्हटलं की सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असावी. महास्फोटाच्या (बिग बँगच्या) सिद्धांताचं हे मूळ. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या सिद्धांताचा संबंध देवाच्या सृष्टिनिर्मितीशी जोडला. एखाद्या धर्मगुरूला याचा केवढा आनंद व्हायला हवा! लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. सिद्धांत उद्या बदलला तर काय, ही भीती होतीच. पण त्यांना मुळात हेच पटत नव्हतं की देव हा एखाद्या समीकरणाच्या शेवटी येणारा निष्कर्ष आहे. महास्फोट हा देवाचा पुरावा नाही आणि त्याचं खंडनही नाही, असं ते मानत. तेव्हा विज्ञानाला जिथे अजून उत्तर सापडलेलं नाही तिथे देवाला बसवायची घाई करू नकोस. ते उत्तर सापडलं की देवाला तिथून उठवावं लागतं, आणि असं दोन-चारदा झालं की माणसाचा विश्वास खरोखरच डळमळतो. पावसाचं शास्त्र कळल्यावर पावसाबद्दल देवाचे आभार मानणं तू थांबवलं नाहीस. जनुकांचंही तसंच आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण त्या तुला कोणी सांगितलेल्या दिसत नाहीत. सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस नसावेत, हा विचार डार्विनला घाबरून कोणी काढलेला नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिन यांनी तो मांडला होता. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो, मग आधीचे तीन दिवस कोणत्या प्रकारचे, हा प्रश्न त्या काळच्या विश्वासणाऱ्यांनाही पडला होता. ऑगस्टिन यांनी आपल्या लोकांना ताकीदही दिली होती की आकाश, तारे, प्राणी यांविषयी जाणकारांसमोर पवित्र शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलू नका, नाहीतर पुनरुत्थानाबद्दल तुम्ही जे सांगाल त्यावर ते का विश्वास ठेवतील? दुसरी गोष्ट, आज सगळ्या मंडळ्यांचं यावर एकमत नाही. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये मानवी शरीराच्या उगमाविषयी संशोधनाला मोकळीक दिली, आत्मा मात्र थेट देवाकडून येतो असं ठामपणे सांगून. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतक राहिलेली नाही असं म्हटलं. प्रॉटेस्टंटांमध्ये दोन्ही बाजूंनी मनापासून बोलणारी माणसं आहेत. शब्दशः सहा दिवस मानणाऱ्यांना अडाणी समजू नकोस. त्यांच्या प्रार्थनेवर तू वाढली आहेस. पण निवड देव की विज्ञान अशी नाही. उत्पत्तीचं पुस्तक कसं वाचायचं, एवढाच इथला प्रश्न आहे, आणि तो विश्वासाच्या घरातच शतकानुशतकं चर्चिला जातो आहे.

कॉलेजात एखादे प्राध्यापक म्हणतील की विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केलं आहे. त्यांच्याकडून जनुकशास्त्र मन लावून शीक. देवाबद्दलचं मत त्यांचं स्वतःचं आहे, ते कुठल्या प्रयोगातून आलेलं नाही. हा फरक ओळखता आला की निम्मी भीती जाते.

परीक्षेतलं उत्तर म्हणजे विश्वासाची कबुली नव्हे. पुरावे काय आहेत असं विचारलं आहे, तू पुरावे लिहितेस, यात खोटं काहीच नाही. संडे स्कूलबद्दल मात्र थोडा विचार कर. देवाने निर्माण केलं, आणि ते चांगलं आहे असं पाहिलं, हे त्या अध्यायात पुन्हापुन्हा येतं. ते तू अगदी मनापासून सांगू शकतेस. तासांचा हिशोब सांगायलाच हवा असं नाही. एखाद्या मुलाने डायनोसॉरबद्दल विचारलं तर ‘मी सध्या तेच शिकते आहे’ असं सांग. मुलांना ते आवडतं.

तुझ्या विश्वासाचा खरा कस सहा दिवसांच्या प्रश्नावर लागेल असं मला वाटत नाही. १८६० मध्ये डार्विनने अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्र लिहिलं. जिवंत सुरवंटाला आतून खाणाऱ्या अळ्यांचं उदाहरण देऊन त्याने म्हटलं की दयाळू देवाने हे मुद्दाम घडवलं असेल हे मनाला पटत नाही. ग्रे निष्ठावान ख्रिस्ती आणि उत्क्रांतीचे खंदे पुरस्कर्ते. दोघांचं या बाबतीत कधी जमलं नाही, तरी मैत्री आणि पत्रव्यवहार चालू राहिला. जनुकशास्त्रात तुला हाच प्रश्न माणसांच्या रूपात भेटेल. एका अक्षराच्या बदलामुळे जन्मभर वेदना सोसणारं मूल आणि त्याचे आईवडील समोर बसतील. तिथे उत्पत्तीपेक्षा निर्दोष माणसाच्या दुःखाची कहाणी सांगणारं ईयोबाचं पुस्तक आणि सृष्टी कण्हते आहे असं सांगणारा रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय तुला जास्त लागेल. त्याची तयारी आत्तापासून ठेव.

आता बाबांचं म्हणणं. इंजिनिअरिंग हा उत्तम मार्ग आहे, पण तिथे प्रश्न येत नाहीत हे मला मान्य नाही. यंत्राने कोणावर पाळत ठेवायची, शस्त्र कोणी आणि कोणावर वापरायचं, माणसाबद्दलचा निर्णय संगणकावर सोपवायचा का, हे सगळे प्रश्न मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असं मानणाऱ्याला टाळता येत नाहीत. पवित्र शास्त्रात कारागिरीला मोठा मान आहे. निर्गमच्या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो ते सोनं, रुपं, पितळ, लाकूड आणि रत्नं घडवण्यासाठी. स्वतःचं नाव व्हावं म्हणून बाबेलचा बुरूज बांधणारेही कारागीरच होते. हात तेच, पण कशासाठी बांधायचं हे वेगळं.

तुझ्या विषयात हे फार जवळून येतं. २०१२ पासून क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने जनुकं नेमक्या जागी कापता येऊ लागली. त्याच तंत्राने आज सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांवर उपचार होतात. २०१८ मध्ये चीनमधल्या एका संशोधकाने भ्रूणावस्थेत जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं आणि पुढे त्याला तुरुंगवास झाला. रुग्णाचं दुखणं दूर करणं आणि पुढच्या पिढ्यांत उतरणारा बदल भ्रूणात करणं यांतली रेघ कुठे ओढायची, हे ठरवणाऱ्या टेबलाशी तुझ्यासारखी मुलगी बसलेली असावी असं मला फार वाटतं. एदेन बागेत माणसाला मशागत आणि राखण अशी दोन्ही कामं दिली होती. या विषयात दोन्ही लागतात.

थोडं व्यवहाराचं. जीवशास्त्र आवडतं म्हणून गणित सोडू नकोस, कारण आजचं जनुकशास्त्र बरंचसं संगणकावर चालतं. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर बायोइन्फर्मेटिक्सही (जैविक माहितीचं संगणकावर विश्लेषण) खुलं राहतं. पदवीला जीवतंत्रज्ञान किंवा जीवशास्त्राची कोणतीही भक्कम शाखा घे आणि पदव्युत्तर पातळीवर जनुकशास्त्राकडे वळ. माणसांशी बोलण्याची हातोटी संडे स्कूलमुळे तुला आहेच, म्हणून जनुकीय समुपदेशकाच्या कामाची माहिती नक्की काढ. आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांना चाचण्यांचे अर्थ समजावून सांगणं आणि निर्णयात सोबत करणं, असं ते काम असतं. आणि बराच विचार करूनही सहा दिवसांचा शब्दशः अर्थच तुझ्या मनाला खरा वाटत राहिला, तर तेही स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य कर. तसं असेल तर उत्क्रांतीचं संशोधन, भूशास्त्र किंवा जीवाश्मशास्त्र यांपेक्षा जीवरसायन, रोगनिदान प्रयोगशाळा किंवा परिचर्या यांत तू जास्त मोकळेपणाने काम करू शकशील. मनात एक आणि प्रबंधात दुसरं असं मात्र करू नकोस. संशोधन सगळं सचोटीवर उभं असतं.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांची भीती तुझ्यावरच्या मायेतून आली आहे. हे उत्तर त्यांना वाचायला दे आणि पाळकांना सोबत घेऊन तिघांनी एकदा निवांत बसा. मंडळीत किंवा ओळखीत डॉक्टर, प्रयोगशाळेत काम करणारं, विज्ञान शिकवणारं कोणी विश्वासणारं माणूस असेल तर बाबांची त्यांच्याशी भेट घडवून आण. कामावरचा सोमवार आणि चर्चमधला रविवार तुम्ही कसे सांभाळता, हे बाबांनाच त्यांना विचारू दे. हे सगळं प्रवेशाचे अर्ज भरायच्या आधी उरकून घे. त्यानंतरही बाबांना काही विचारायचं असेल तर त्यांनी मला स्वतः लिहावं, मी त्यांना सविस्तर उत्तर देईन.