वाचकांच्या शंका : जुन्या लाइव्ह रॉक अल्बमचं नवं मिक्सिंग

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘मेड इन जपान’ या लाइव्ह अल्बमचं संगीतकार स्टीव्हन विल्सननं केलेलं नवं मिक्स, म्हणजे वाद्यांचे वेगवेगळे आवाज नव्यानं तोलून केलेली आवृत्ती, ऑगस्ट २०२५ मध्ये बाजारात आली. तेव्हापासून या विषयावर बरीच पत्रं येत आहेत. त्यातल्या निवडक प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

माझ्याकडे याच अल्बमची जुनी सीडी आहे, तिच्यावर ‘रीमास्टर्ड’ असं छापलंय. मग नवी घेण्यात अर्थ आहे का? – वाचक, नाशिक

रीमास्टर करताना हातात असते ती तयार झालेली दोन ट्रॅकची मास्टर टेप. तिच्यात खर्ज वाढवता येतो, खरखर कमी करता येते. पण गिटार दबली असेल तर ती एकटी वर काढता येत नाही. रीमिक्ससाठी त्याच्याही मागे, मल्टिट्रॅकपर्यंत, म्हणजे वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलेल्या टेपपर्यंत जावं लागतं. १९७२ साली ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च यांनी १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकात आणि १७ तारखेला टोकियोच्या बुदोकानमध्ये आठ ट्रॅकवर रेकॉर्डिंग केलं. वादक पाच आणि ट्रॅक आठ. तेव्हा ड्रमचे अनेक माइक जागेवरच एकत्र करून टेपवर घेतले जात. त्या ट्रॅकमधला स्नेअर, म्हणजे खणखणीत वाजणारा छोटा ड्रम, आज कितीही वाटलं तरी सरळपणे वेगळा होत नाही. नवी आवृत्ती जरूर ऐका, पण जुनी सीडी कुणाला देऊन टाकू नका. मूळ मिक्स बँडचे बासवादक रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमर इयन पेस यांनी केलं होतं. त्या रात्री वाजवणाऱ्यांचाच तो कान आहे.

टेप मशीनवर लावायची आणि कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, एवढंच ना? मग या कामाला इतका वेळ का लागतो? – वाचक, पुणे

कॉम्प्युटरमध्ये घेणं हा सगळ्यात सोपा भाग. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर आठ ट्रॅकचं एक मिनिट म्हणजे साधारण १३८ एमबी. अर्ध्या तासाचं रीळ सव्वाचार जीबीत मावतं. वेळ जातो तो त्याच्या आधी.

प्रथम रीळ हातानं, सावकाश फिरवून तपासायचं. जोडांवरच्या पट्टीचा डिंक पन्नास वर्षांत एकतर वाळून सुटतो, नाहीतर पाझरून शेजारच्या वेढ्याला चिकटतो. असे सगळे जोड नवी स्प्लाइसिंग टेप लावून पुन्हा करावे लागतात. नंतर मशीनचं अलाइनमेंट, म्हणजे मशीन त्या टेपशी जुळवून घेणं. रिळाच्या सुरुवातीला १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झचे टोन असले तर नशीब म्हणायचं. लाइव्ह कार्यक्रमात ते बहुधा पहिल्याच रिळावर असतात, कारण पुढची रिळं धावपळीत चढवलेली असतात. १ किलोहर्ट्झवर लेव्हल, १० वर हेडचा कोन म्हणजे अ‍ॅझिमथ आणि वरच्या स्वरांचा ईक्यू (त्यांचा जोर कमी-जास्त करणं), १०० वर खालच्या स्वरांचा. अ‍ॅझिमथ लावताना कडेचे दोन ट्रॅक, म्हणजे १ आणि ८, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एकत्र बघायचे.

यानंतरची चूक फार सामान्य आहे. टेप अमेरिकन एनएबी पद्धतीनं रेकॉर्ड झालेली आणि मशीन युरोपियन आयईसीवर लावलेलं; खर्ज आणि तीव्र स्वर टेपवर किती जोरानं घ्यायचे, याच्या या दोन वेगळ्या पद्धती. १५ इंच प्रतिसेकंद वेगाला असं झालं की ५० हर्ट्झजवळचा खर्ज ३ डेसिबलनं (डीबी) फुगतो आणि झांजा ३ डीबीनं बसतात. ऐकणाऱ्याला वाटतं, टेप जुनी झाली. मग तो मिक्सिंगमध्ये ईक्यू मारत बसतो, आणि खरी दुरुस्ती मशीनवरच्या एका स्विचवर असते! तीच गत टेपची सळसळ दाबणाऱ्या डॉल्बी-ए पद्धतीची. डीकोड न करता घेतलेली टेप छान लखलखीत वाटते आणि झांजांची शेपटं त्या सळसळीत विरतात.

वेळेचंही एक गणित आहे. २,५०० फुटांचं रीळ १५ इंच वेगाला ३३ मिनिटं चालतं, ३० इंचाला १६ मिनिटं ४० सेकंद. ‘मेड इन जपान’ची शेवटची बाजू व्यापणारं ‘स्पेस ट्रकिन’ जवळपास २० मिनिटांचं आहे. ३० इंच वेगाच्या एका रिळात ते मावणारच नाही. म्हणून लाइव्ह रेकॉर्डिंगला दोन मशीन ठेवतात आणि एक संपण्याआधी दुसरं सुरू करतात. रीमिक्सवाल्याला हे सांधे जुळवावे लागतात. दोन मशीनच्या वेगात किंचित फरक असतोच, त्यामुळे सांध्यावर बासचा स्वर घसरलेला ऐकू येतो.

विजेची गुणगुण फिल्टर लावून सरळ काढून का टाकत नाहीत? – बास वाजवणारा एक वाचक, कोल्हापूर

तुम्ही बास वाजवता, तेव्हा हे तुमच्याच जिवावर बेतणारं आहे. ओसाकाची वीज ६० हर्ट्झची, टोकियोची ५० ची; जपानचे हे दोन भाग आजही वेगळे आहेत. म्हणजे एकाच दौऱ्याच्या टेपवर दोन जातींची गुणगुण. बासच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीतला ‘जी’ ४९ हर्ट्झला वाजतो. ‘स्मोक ऑन द वॉटर’ आहे ‘जी’मध्ये. टोकियोच्या रात्रीच्या बास ट्रॅकवर ५० हर्ट्झचा रुंद फिल्टर ठेवला, तर गुणगुणीबरोबर गाण्याचा पायाच जातो. ओसाकाच्या टेपवर हाच धोका ६१.७ हर्ट्झच्या ‘बी’ला.

म्हणून मूळ फ्रिक्वेन्सीला फारसा हात लावत नाहीत. कानाला टोचतात ते वरचे गुणक : १००, १५०, २०० किंवा १२०, १८०, २४०. त्यांच्यावर अगदी अरुंद फिल्टर ठेवायचे, तेही ट्रॅकनुसार, आणि शक्य तर दोन गाण्यांमधल्या मोकळ्या जागेतच.

बरं, ही गुणगुण पुसण्याआधी तिचा उपयोग करून घ्यायचा असतो. ६० च्या जागी ६०.३ दिसली तर टेप अर्धा टक्का जलद चाललीय, म्हणजे स्वर साडेआठ सेंट वर चढलाय (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). रेकॉर्डिंग जनरेटरवर झालं असेल तर मात्र हे माप भरवशाचं नाही. हॅमंड ऑर्गनवरूनही टेपचा वेग ठरवू नये. त्याची स्वर काढणारी चाकं विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरतात. वीज हलली की प्रत्यक्ष वादनातच स्वर हललेला असतो.

गायकाच्या माइकमध्ये ड्रम घुसलेले असतात. आता एआयनं ते साफ करता येत नाहीत का? – वाचक, ठाणे

येतात, आणि तिथेच घात होतो. स्टेजवर गायकाचा माइक ड्रमपासून तीन मीटरवर असेल तर आवाज तिथे ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. हा उशिरा आलेला ड्रम मूळ ड्रम ट्रॅकशी मिसळला की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि स्नेअर पत्र्यासारखा वाजू लागतो. गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की माइक बंद करणारी सोय, लावला तर गायक तोंड उघडतो तेव्हा झांजा उसळतात, मिटतो तेव्हा गायब होतात. ऐकणाऱ्याला भोवळ येते. पूर्वीपासूनचा उपाय असा : आधी प्रत्येक ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहर सुलट आहे की उलट, ते तपासायचं, मग फेडर (आवाजाची सरकपट्टी) हातानं, ओळीओळीनं चालवायचा आणि गाणं थांबल्यावर माइक ६ ते १० डीबी खाली आणायचा, पूर्ण बंद करायचा नाही.

आवाज वेगळे करणाऱ्या सॉफ्टवेअरनं जे काम शक्य झालं त्याचा चांगला नमुना म्हणजे बीटल्सच्या हॉलीवूड बोलच्या मैफिलींचं २०१६ चं नवं मिक्स. १९६४-६५ च्या त्या टेपवर तीनच ट्रॅक होते आणि त्यांवर पोरींच्या किंकाळ्या. अ‍ॅबी रोडमध्ये ते आवाज वेगळे करून पुन्हा तोलले. अशा कामात एक चाचणी चुकवू नये : वेगळे केलेले सगळे भाग एकत्र करून मूळ ट्रॅक उलट्या पोलॅरिटीत त्यांच्यावर ठेवायचा. शांतता आली पाहिजे. नाही आली तर काहीतरी हरवलंय किंवा नव्यानं घुसलंय. आणि वेगळा काढलेला ड्रम आमच्या मते ३-४ डीबीपेक्षा जास्त दाबू नये. त्यापलीकडे गायकाच्या ‘स’ला पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज येतो.

टाळ्या आणि आरडाओरडा मागाहून भरतात का? – वाचक, नागपूर

काही जण भरतात. आम्हाला ते पटत नाही. प्रेक्षकांचे माइक स्टेजपासून २० मीटरवर असतील तर त्यांच्यात बँड सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा येतो. हा ट्रॅक तेवढाच आधी सरकवावा असं वाटतं, पण स्टेज आणि हॉलला ऐकवणारे पीएचे स्पीकर यांची अंतरं वेगळी असल्यामुळे दोन्ही एकदम कधीच जुळत नाहीत, शिवाय हॉल आक्रसल्यासारखा होतो. १५० ते २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून, ट्रॅक आहे तिथेच ठेवणं बरं.

भर घालण्याची प्रामाणिक रीत ‘द हू’ या बँडच्या ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’च्या २०१० च्या संचात दिसते. लीड्सच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारी १९७० ला, हल या शहरात कार्यक्रम झाला. त्याच्या सुरुवातीच्या काही गाण्यांत बासच टेपवर आला नव्हता. तिथे बासवादक जॉन एंटविसल यांचा आदल्या रात्रीचा बास बसवला. माणूस तोच, गाणं तेच.

वडिलांच्या जुन्या रीळ टेप आहेत, आवाज किंचाळतो. ओव्हनमध्ये भाजाव्यात का? – वाचक, फोंडा

आधी रीळ उजेडासमोर आडवं धरा. कडेनं उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेट टेप आहे. ती कधीही तापवायची नाही. अपारदर्शक असेल, पाठीला काळा लेप असेल आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरची असेल, तर लेपातल्या चिकट द्रव्यानं हवेतला ओलावा शोषलेला असण्याची दाट शक्यता आहे. तिला ५४ अंश सेल्सिअसला पाव इंची टेप असल्यास ८ तास, मध्ये एकदा उलटून, तापवावं आणि तेवढाच वेळ थंड होऊ द्यावं लागतं. स्वयंपाकघरातला ओव्हन या तापमानाला स्थिर राहत नाही, मायक्रोवेव्हचा तर विचारही नको. प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर मिळाला तर उत्तम. तापवल्यानंतर काही आठवडे टेप चालते, त्यामुळे रेकॉर्डरची सोय झाल्याशिवाय तापवू नका. गोव्यातल्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरलेली असेल तर मशीनवर चढवण्याआधी घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशनं झाडा; नाहीतर ती हेडवर आणि मग पुढच्या प्रत्येक रिळावर जाते.