खांबावर चढायला कधी मिळेल, हे अप्रेंटिसने शेवटी विचारावं

प्रश्न असा आहे: "वीज वितरणाच्या देखभाल विभागात अप्रेंटिस म्हणून लागतोय. खांबावर चढायला साधारण किती दिवसांनी देतात आणि वर्षभरात लाईनचं काम पूर्ण येतं का?"

पहिल्या अर्ध्याचं उत्तर देऊन टाकतो. देतील तेव्हा देतील, आणि फार लवकर देत असतील तर सावध व्हा. चढणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. अंगात दम असला आणि हार्नेस नीट बांधायची सवय लागली की कोणीही चढतो. अवघड आहे ते खाली उभं राहून लाईन खरोखर मेलेली, म्हणजे वीज नसलेली आहे हे सिद्ध करणं. याच मुद्द्यावर माझं अनेक जुन्या लोकांशी वाजलेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

त्यांचं म्हणणं ठरलेलं असतं: "परमिट हातात आहे, फीडर बंद आहे, मग अर्थिंग कशाला? तेवढ्यात जंपर बांधून खाली येतो." परमिट म्हणजे काम करायची लेखी परवानगी, फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी लाईन, अर्थिंग म्हणजे तारा जमिनीला जोडणं आणि जंपर म्हणजे दोन तारांना जोडणारा तुकडा. परमिटचा अर्थ एवढाच, की सबस्टेशनच्या बाजूने सप्लाय येणार नाही. बाकीच्या बाजूंची हमी तो कागद देत नाही, देऊही शकत नाही.

रिटर्न सप्लायचं, म्हणजे ग्राहकाकडून उलट्या येणाऱ्या विजेचं, गणित एकदा स्वतः मांडून बघा. नेहमीचा ११ केव्ही/४३३ व्होल्टचा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर घ्या. एलटीला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, फेज ते न्यूट्रल २५० व्होल्ट, तर त्याच्यासमोरच्या एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या वाइंडिंगवर ११,००० व्होल्ट. गुणोत्तर ४४. आता सप्लाय गेला म्हणून एखाद्या ग्राहकाने जनरेटर लावला, पण चेंजओव्हर स्विच न बसवता थेट मेन बोर्डात जोडला. ते २३० व्होल्ट सर्व्हिस वायरवरून डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जागेपर्यंत, येतात आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटे वर चढतात. २३० गुणिले ४४, म्हणजे १०,१२०. तुम्ही ज्या तारेला "बंद" म्हणून हात लावणार, तिच्यावर.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा, की एवढासा जनरेटर अख्ख्या वस्तीचा लोड ओढेल कसा, लगेच बंद पडेल. बऱ्याचदा पडतोही. पण दुरुस्तीच्या वेळी एलटीचे काही फ्यूज काढलेले असतात, कधी तार तुटून मोजकेच ग्राहक त्या तुकड्यावर उरतात. मग जनरेटरला द्यायचा असतो तो त्या थोड्या घरांचा लोड आणि ट्रान्सफॉर्मरचा मॅग्नेटायझिंग करंट, म्हणजे त्याला नुसतं चालू ठेवायला लागणारा करंट, आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरचा तो करंट थोडकाच असतो. छपरावरच्या सोलरचा इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो, तशीच त्याची रचना असते. तरी कोणाच्या तरी भिंतीवरचं मशीन बिघडलेलं नाही असं गृहीत धरून वर जायचं नसतं.

शिवाय त्याच खांबांवरून किंवा शेजारून दुसरी चालू लाईन जात असेल तर इंडक्शनने तुमच्या तारेवर व्होल्टेज उभं राहतं. तारेला अर्थ नसेल तर ते तिथंच राहतं. लांब कुठे वीज पडली तरी तिचा सर्ज तारेवरून कित्येक खांब पुढे येतो. एलटीच्या खांबावर आणखी एक सापळा असतो, स्ट्रीटलाईटची पाचवी तार. ती दिवसभर थंड असते आणि संध्याकाळी टायमर किंवा फोटोसेलने आपोआप जिवंत होते. कधी तर ती दुसऱ्याच डीपीवरून आलेली असते. चार तारा तपासून पाचवी सोडून देणारे लोक आहेत.

तेव्हा क्रम सांगतो. आधी एलटीचा लोड काढा, कारण एबी स्विच, म्हणजे हँडलने तिन्ही फेज उघडणारा स्विच, आणि डीओ, म्हणजे उडाल्यावर खाली लोंबणारा एचटी फ्यूज, लोडवर उघडण्यासाठी बनवलेले नाहीत. आर्क ओढला गेला की ब्लेड तरी जळतं किंवा दोन फेजमध्ये फ्लॅश होतो. एबी स्विचचा हँडल खाली आला म्हणजे तिन्ही ब्लेड उघडले असं होत नाही. पाइपचा क्लॅम्प सरकतो, एखादं ब्लेड कॉन्टॅक्टला चिकटतं आणि हँडल मात्र इमानदारीने "बंद" दाखवतो. मान वर करून तिन्ही गॅप डोळ्यांनी मोजा. मग हँडलला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, आणि बोर्ड.

डीओ आडव्या ओळीत असतील तर आधी मधला उघडा, मग वाऱ्याच्या खालच्या बाजूचा, शेवटी वाऱ्याच्या वरच्या बाजूचा. आर्कची भीती दुसरा फेज उघडताना सर्वांत जास्त असते. तेव्हा मधली जागा मोकळी झालेली असते आणि वारा आर्कला उरलेल्या फेजपासून दूर नेतो. लावताना हाच क्रम उलटा. तुमच्या टप्प्यात जितके डीपी येतात, तितक्यांचे डीओ आणि एलटी फ्यूज दोन्ही काढा. रिटर्न सप्लायची वाट तिथंच तुटते.

आता तारेवर व्होल्टेज आहे का हे दाखवणारा डिटेक्टर. तो आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून बघायचा, मग आपल्या लाईनवर, मग पुन्हा त्या चालू ठिकाणी. तिसरी पायरी सगळे गाळतात. मधल्या वेळात डिटेक्टरच बंद पडला असेल तर "लाईन मेली" हा निकाल खोटा ठरतो, म्हणून ती पायरी आहे. खिशातला निऑन टेस्टर एलटीच्या सॉकेटपुरता. तो घेऊन ११ केव्हीजवळ जाणाऱ्याबरोबर काम करू नका.

मग अर्थिंग, ज्यावरून भांडण आहे. पहिलं टोक जमिनीकडचं. खांबाचं अर्थिंग भरवशाचं नसेल तर स्पाइक निदान मीटरभर खोल ठोका. त्यानंतर इन्सुलेटेड रॉडने एकेक फेज. काढताना आधी तिन्ही फेज, जमीन शेवटी. उलट केलंत आणि लाईन जिवंत निघाली, तर मोकळं टोक तुमच्या हातात असतं. तिन्ही फेज एकमेकांना शॉर्ट झालेच पाहिजेत आणि सप्लाय दोन्हीकडून येऊ शकत असेल तर कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचा संच हवा. यामागचं कारण अप्रेंटिसला कोणी सांगत नाही. कोणी चुकून लाईन चार्ज केली तर शॉर्टमधून मोठा फॉल्ट करंट वाहतो, ब्रेकर क्षणात ट्रिप होतो, आणि तेवढ्या क्षणात तुमच्या जागेवरचं व्होल्टेज खाली दाबलेलं राहतं. एकाच फेजला अर्थ केला तर उरलेले दोन फेज मोकळेच राहतात. एलटीवर न्यूट्रल आणि स्ट्रीटलाईटची तारही त्याच संचात घ्या.

तारांवर साखळी फेकून "डिस्चार्ज झालं" म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. एवढंच विचारतो, की वाऱ्याने साखळी हलली तर कॉन्टॅक्ट किती उरतो, आणि त्या गंजलेल्या कड्यांमधून फॉल्ट करंट जाईल का. संचाची केबल पारदर्शक आवरणाची असते, आतल्या तुटलेल्या तांब्याच्या तारा दिसाव्यात म्हणून. रोज सकाळी ती बघणं हे अप्रेंटिसचं काम समजा. या सगळ्याला लागणारा वेळ जंपर बांधण्याच्या वेळेपेक्षा जास्त असतो, हे खरं आहे. मग? काम म्हणजे तेच आहे.

जमिनीवरून शिकण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. फ्यूजचंच घ्या. ट्रान्सफॉर्मरचा एलटी करंट म्हणजे केव्हीए गुणिले १.३३. १०० केव्हीएला १३३ अँपिअर, ६३ ला ८४. एचटीला १०० केव्हीएचा करंट फक्त सव्वापाच अँपिअर. आता वारंवार उडतो म्हणून कोणी जाड तार टाकली, तर जाडी दुप्पट केल्यावर वितळण्याचा करंट दुप्पट होत नाही, सुमारे २.८ पट होतो. तो जाडीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. फ्यूज टिकतो आणि वाइंडिंग जळतं. फ्यूज का उडाला हे तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरने तिन्ही फेज आणि न्यूट्रल मोजून शोधायचं असतं. "तार जाड टाक, कटकट मिटेल" हा सल्ला देणारा सीनियर प्रत्येक ठिकाणी भेटतो. ऐकून घ्या, करू नका.

न्यूट्रलला लोक फार हलकं समजतात. एका घरात दिवे मंद आणि शेजारी टीव्ही जळाला अशी तक्रार आली की फेज तपासत बसू नका. न्यूट्रल तुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट लोडच्या उलट प्रमाणात वाटले जातात आणि कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज चढतं. डीपीवर तिन्ही फेज २३० च्या आसपास आणि घराजवळ एक १६०, एक ३०० असं दिसलं, तर मधला जॉइंट गेलाय. तुटलेल्या न्यूट्रलचं ग्राहकाकडचं टोक लोडमधून जिवंत असतं, त्याला "न्यूट्रलच तर आहे" म्हणून धरायचं नाही. सोडताना फेज आधी, न्यूट्रल शेवटी. जोडताना न्यूट्रल आधी.

बहुतेक जॉइंट जातात ते ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या स्टडवर थेट आवळल्यामुळे. तिथे बायमेटॅलिक लग किंवा क्लॅम्प हवा. ॲल्युमिनियमला ग्रीस लावून त्या ग्रीसखालीच वायर ब्रश मारायचा, कारण कोरडं घासलं तर ऑक्साइडचा थर लगेच परत धरतो.

मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, कोणीही फिरवतो, वाचणारे कमी. ११ केव्हीच्या वाइंडिंगला २,५०० किंवा ५,००० व्होल्टचा मेगर, एलटीला ५०० किंवा १,००० चा. एचटी-बॉडी, एलटी-बॉडी, एचटी-एलटी, प्रत्येकी एक मिनिटाचं रीडिंग आणि शेजारी तेलाचं तापमान. तापमान १० अंशांनी चढलं की रीडिंग साधारण निम्मं होतं, म्हणून गरम आणि थंड ट्रान्सफॉर्मरचे आकडे थेट ताडून बघण्यात अर्थ नाही. टेस्ट झाल्यावर वाइंडिंग डिस्चार्ज करा. अर्थ पिट, म्हणजे जमिनीतल्या अर्थिंगचा खड्डा, मोजताना करंट स्पाइक ३० मीटरवर असेल तर व्होल्टेज स्पाइक ६२ टक्क्यांवर, साडेअठरा मीटरच्या आसपास.

रबरी हातमोज्यांवर क्लास छापलेला असतो. क्लास ० हजार व्होल्टपर्यंत, क्लास १ साडेसात हजारांपर्यंत, क्लास २ सतरा हजारांपर्यंत. ११ केव्हीसाठी क्लास २. वापरण्याआधी कफ गुंडाळून आत हवा कोंडा आणि कानाशी धरा, बारीक भोक असेल तर आवाज येतो. वरून चामड्याचे मोजे. सहा महिन्यांत टेस्टची तारीख नसेल तर ते मोजे नुसतं रबर आहेत.

तार खाली पडलेली दिसली आणि फीडर ट्रिप आहे असं कळलं, तरी लांबच राहा. ऑटो-रिक्लोजर असेल तर काही सेकंदांत ती पुन्हा चार्ज होते. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेने तर कधी ट्रिपही होत नाही. दहा मीटर अंतर धरा. आधीच जवळ असाल तर दोन्ही पाय जुळवून, ते न उचलता घसटत मागे सरका. ढांग टाकली की दोन पावलांमधलं व्होल्टेज अंगातून जातं.

बरं, चढण्याबद्दल. चढण्याआधी खांबाचं बूड उकरून बघा. लोखंडी खांब नेमका जमिनीच्या पातळीवर गंजतो, लाकडी तिथंच कुजतो, सिमेंटच्या खांबाला तिथंच तडे जातात. स्टे, म्हणजे खांबाला ताणून धरणारी तार, ढिला आहे का बघा. एका बाजूची तार कापायची असेल तर खांबावर चढून कापू नका. एका बाजूचा ताण गेला की दुसऱ्या बाजूची तार खांबाला ओढते आणि बूड कुजकं असेल तर तो तुम्हाला घेऊन पडतो. आधी तात्पुरता स्टे द्या. नुसता कमरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. आणि वर लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत उतरवण्याची दोरी खाली तयार हवी, नंतर शोधायला लागू नये.

वर्षभरात पूर्ण काम येतं का, हे तुम्ही कोणत्या गँगमध्ये पडता त्यावर आहे. ब्रेकडाऊनच्या गँगमध्ये पडलात तर फॉल्ट शोधायला शिकाल, नव्या लाईनच्या गँगमध्ये पडलात तर तार ओढायला. वर सांगितलेलं सगळं बंद लाईनवरच्या ओव्हरहेड कामाचं आहे. चालू लाईनवर काम करणं हे वेगळं प्रशिक्षण आहे, तिथे अप्रेंटिसचं काम नाही. अंतरं, परमिटचे फॉर्म, कोण कोणाला परमिट देऊ शकतो हे तुमच्या खात्याच्या नियमपुस्तकात असेल आणि माझं-त्याचं जुळलं नाही तर पुस्तक धरा. कपॅसिटर बँक असेल तर बंद केल्यावर दहा मिनिटं थांबून मगच अर्थ करा. भूमिगत केबलचा हिशेब तर पूर्ण निराळा. तिथे गॅप डोळ्यांनी दिसत नाही, एका चरात चार सारख्या केबल असतात, आणि नकाशावर विसंबून कापायला घेऊ नये. केबल ओळखायच्या यंत्राने आधी नक्की करा, मग लांबून चालवायच्या स्पाइकिंग गनने तिच्यात स्पाइक घाला, आणि त्यानंतरच करवत लावा.