फेरफार मंजूर झाला नाही

प्रिय पोरी,

तुझं वक्तृत्व स्पर्धेचं भाषण दोनदा वाचलं. "संयुक्त राष्ट्रांत नुसते हात वर होतात, रणगाडा एकही मागे सरत नाही," हे वाक्य तुला फारच आवडलेलं दिसतं. टाळ्या मिळतील. पण ते अर्धंच खरं आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या वावराच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. मी शाळेत होतो तेव्हा शेजारी दरसाल नांगरताना नांगराच्या एकेका तासाने, म्हणजे रेघेने, आमच्याकडे सरकायचा. बाबा भांडायला गेले, मार खाऊन आले. पुढे तर त्यानं तेवढा तुकडा विकत घेतल्याचा फेरफारही टाकला, म्हणजे जमीन आपल्या नावावर करण्याची नोंद. तेव्हा गावातले चौघं तलाठ्यासमोर उभे राहिले. "धुरा त्या बाभळीपाशी होता, आमी लहानपणापासून पाहून रायलो." त्या चौघांत तुझे आजोबा होते. पाचवा, ज्याची पेरणीची तिफण दरसाल त्याच शेजाऱ्याकडून यायची, तो "मले काई माईत नाई" म्हणून घरी बसला. जमीन लगेच परत आली नाही, सात वर्षं शेजारीच पेरत राहिला. पण फेरफार मंजूर झाला नाही. मोजणी आली तेव्हा दगड बाभळीपाशीच रोवला गेला.

आता 1940 साल घे. सोव्हिएत संघाने एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया घशात घातले. 23 जुलैला अमेरिकेने जाहीर केलं की हे आम्हाला मान्य नाही. सैन्य पाठवलं नाही, पण या देशांच्या जुन्या प्रतिनिधींना अधिकृत मानणं चालू ठेवलं आणि त्यांचा अमेरिकेतला पैसा गोठवून मॉस्कोच्या हाती लागू दिला नाही. पन्नास वर्षं लोक हसले असतील. 1991 मध्ये तिन्ही देश मोकळे झाले ते नवे देश म्हणून नाही, जुनेच देश पुन्हा उभे राहिले. वहिवाट दुसऱ्याची होती, सातबारा त्यांचाच राहिला होता.

साक्षीदार फिरले की काय होतं तेही पाहा. 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला. राष्ट्रसंघाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेने, निर्बंध लावले, त्यातून नेमकं तेल वगळलं, सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना उघडाच राहिला. 30 जून 1936 ला सम्राट हैले सेलासी स्वतः जिनिव्हात उभे राहून बोलले. काही दिवसांत निर्बंधच उठले, आणि 1938 मध्ये ब्रिटनने इटलीचा ताबा मान्य करून टाकला. तुझा राग इथे खर्च कर, इथे तो शोभेल.

युक्रेनबद्दल तू संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा 2 मार्च 2022 चा, रशियाने सैन्य मागे घ्यावं असं सांगणारा ठराव दिलास, 141 मतांचा. बरोबर आहे. पण 12 ऑक्टोबरचा वगळलास, आणि माझ्या मते तोच मोठा. रशियाने चार प्रांत आपल्यात सामील झाल्याचं जाहीर केलं, त्यावर 143 देशांनी सांगितलं की हे सामीलीकरण अवैध आहे, कोणी मान्य करू नये. म्हणजे काय, फेरफाराला हरकत.

भारत दोन्ही वेळा तटस्थ राहिला. यावर तू एका ओळीत "लाजिरवाणं" लिहून पुढे गेलीस. मलाही ती तटस्थता रुचलेली नाही, तरी एका ओळीत निकाल देऊ नकोस. आपली बरीचशी शस्त्रं रशियाची. शिवाय डिसेंबर 1971 मध्ये, बांगलादेशच्या लढाईत, त्याच आमसभेत 104 देशांनी आपल्याला न रुचणारा युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव मंजूर केला होता. सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी नकाराधिकार वापरला तो सोव्हिएत संघानेच. तिफणीचं ऋण साधं नसतं. बाबांनी त्या पाचव्या माणसाशी बोलणं कधी टाकलं नाही, पण गावात कोणी विचारलं की तो घरी बसला होता हे मात्र स्पष्ट सांगायचे. तुझा परिच्छेद असा लिहिता येतो का बघ. मतदानानंतर आपल्या प्रतिनिधींनी दिलेलं स्पष्टीकरण मुळातून वाच, बातमीवरून नको.

पाच मिनिटांत हे सगळं बसणार नाही, ठाऊक आहे. सुरुवातीची कर्णाची उपमा काढून टाक, तिथे पाऊण मिनिट सुटेल. नवा मसुदा पोळ्याच्या आत पाठव.

तुझा,
सर